सेप्सिस आणि आयसीयू: नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

रुग्ण आत, तुम्ही बाहेर, आणि दिवसातून एकदोनदा डॉक्टर येऊन पाच मिनिटं बोलणार. त्या पाच मिनिटांत जे विचारायचं राहून जातं ते इथे घेतलंय. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत. बहुतेक माहिती मोठ्या माणसांच्या सेप्सिसबद्दल आहे. बाळांबद्दलचा एक प्रश्न मध्ये येईल. तुमच्या रुग्णाचं काय करायचं हे मात्र त्याला रोज तपासणारे डॉक्टरच सांगू शकतात.

‘इन्फेक्शन रक्तात गेलंय’ असं सांगितलं. म्हणजे नक्की काय झालंय?

जंतुसंसर्ग कुठेही असू शकतो: फुप्फुसात, मूत्रमार्गात, पोटात, पायाच्या जखमेत. शरीर त्याच्याशी झगडतं आणि बहुतेक वेळा जिंकतं. पण कधीकधी हा झगडा ताळतंत्र सोडतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, बारीक वाहिन्यांत रक्त गोठतं, आणि जिथे मुळात जंतू पोचलेलेही नाहीत असे अवयव बंद पडायला लागतात. मूत्रपिंड, फुप्फुसं, यकृत, मेंदू. याला सेप्सिस म्हणायचं. २०१६ पासून जगभर जी व्याख्या वापरतात तिचा भर संसर्गापेक्षा अवयवांवर आहे, आणि तेच बरोबर आहे.

रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत असं नाही. सेप्सिसच्या कितीतरी रुग्णांच्या रक्तात ते कधीच सापडत नाहीत.

साधी लघवीची जळजळ होती, आणि चार दिवसांत आयसीयू? कुणाची तरी चूक झाली असणार.

कधी असते, बऱ्याचदा नसते. वय साठच्या पुढे, मधुमेह, किडनी किंवा लिव्हरचा जुना आजार, कॅन्सरचे उपचार, स्टिरॉइडच्या गोळ्या, नुकतीच झालेली बाळंतपणं आणि ऑपरेशनं, यातलं काही असेल तर साध्या संसर्गाला पाय फुटायला वेळ लागत नाही. मुतखड्याने नळी अडली आणि वर जंतू साठले तर धडधाकट माणूसही एका रात्रीत शॉकमध्ये जातो, म्हणजे त्याचं बीपी कोसळतं.

आपल्याकडे पावसाळ्याची वेगळी यादी आहे. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस (गवतातला बारीक किडा चावून होणारा ताप). २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, ती अनेकांना आठवत असेल. कोकणात भातलावणीच्या दिवसांत तो दरवर्षी भेटतो. स्क्रब टायफस २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या विदर्भात गाजला. या दोन्ही आजारांत अवयव तसेच निकामी होतात, पण औषध वेगळं लागतं. स्क्रब टायफसवर डॉक्सीसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध चालतं. त्याऐवजी मेरोपेनेमसारखं कितीही भारी अँटिबायोटिक चढवलं तरी उपयोग शून्य. म्हणून तापाच्या रुग्णाचं अंग पूर्ण उघडं करून बघावं लागतं. किडा चावल्याची काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली, नाहीतर कमरेला करगोटा किंवा नाडी आवळते तिथे लपलेली असते. दुखत नाही, खाजत नाही, रुग्णाला स्वतःला तिचा पत्ता नसतो. रुग्ण शेतात, गवतात, पुराच्या पाण्यात गेला होता का, हे तुम्ही आपणहून सांगा. कुणी विचारेल याची वाट बघू नका.

घरी असताना कशावरून ओळखायचं?

तापाच्या आकड्यावरून नाही. म्हाताऱ्या माणसांना सेप्सिसमध्ये ताप येतोच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. या गोष्टी बघा:

- श्वास. पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजा. मिनिटाला २२ किंवा जास्त असेल तर गंभीर घ्या.
- भान. काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलतो, नुसता झोपून राहतो, नातवाचं नाव चुकवतो.
- लघवी. सकाळपासून झालीच नाही, किंवा अगदी थोडी आणि गडद.
- बीपी. घरी मशीन असेल आणि वरचा आकडा १०० किंवा खाली असेल तर थांबू नका. ज्याचं बीपी नेहमी १६० असतं त्याला ११० सुद्धा कमीच.
- हातपाय गार, गुडघ्यांभोवती जांभळट जाळी. सावळ्या कातडीवर ही जाळी चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा.

संसर्ग आहे आणि यातलं एकजरी नव्याने दिसलं तरी १०८ ला फोन करा. ‘सकाळी बघू’ हे वाक्य सेप्सिसमध्ये फार महाग पडतं. तुम्ही पुढे जे काही वाचाल त्यातल्या कुठल्याही मशीनपेक्षा घरी वाट बघण्यात जाणारे हे चार-सहा तास मोठे आहेत.

आयसीयूत नेल्यावर पहिल्या तासाभरात काय करतात?

रक्ताचे नमुने कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला), लॅक्टेटची तपासणी (अवयवांना रक्त कमी पडलं की हे रक्तात वाढतं), अँटिबायोटिकचा पहिला डोस, सलाईन, आणि बीपी टिकत नसेल तर ते वर धरणारं औषध. तुम्हाला बाहेर फक्त धावपळ दिसते आणि हातात औषधांची चिठ्ठी येते. ती चिठ्ठी घेऊन आधी औषधं आणा; डिपॉझिटच्या रांगेत घरातल्या दुसऱ्या कुणाला उभं करा.

अँटिबायोटिकच्या वेळेबद्दल थोडं सविस्तर. २००६ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या २,७३१ रुग्णांच्या नोंदी तपासून असं दिसलं की सेप्टिक शॉकमध्ये बीपी पडल्यापासून योग्य औषधाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत गेलं. पण ही घाई सगळ्यांना सारखी लागू नाही. नेदरलँड्समध्ये अ‍ॅम्ब्युलन्समध्येच अँटिबायोटिक देऊन पाहिलं, निकाल २०१८ मध्ये आला, आणि मृत्यू कमी झाले नाहीत. तिथले बहुतेक रुग्ण शॉकमध्ये नव्हते. त्यामुळे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी दोन वाटा केल्या. शॉक असेल किंवा सेप्सिस जवळजवळ नक्की असेल तर एका तासात औषध. शॉक नसेल आणि निदानाची शंका असेल तर झटपट तपासण्या करा, तरीही शंका उरली तर तीन तासांच्या आत द्या.

तब्येत इतकी नाजूक आहे, आणि सर्जन ऑपरेशन म्हणतात. आधी सुधारू द्यायला नको का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण यात नातेवाइकांचं प्रेमच आड येतं. पू साठलेला असेल, आतडं फुटलं असेल, पायाचं मांस सडत असेल, मुतखड्यामागे डबक्यासारखी अडलेली लघवी कुजत असेल, तर अँटिबायोटिक तिथे पोचतच नाही. मूळ जागा मोकळी झाल्याशिवाय बीपी सुधारत नाही, आणि बीपी सुधारल्याशिवाय ऑपरेशन नको असं तुम्ही म्हटलं तर हे चक्र रुग्णाला घेऊनच थांबतं. धोका असतोच, भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो तुमच्यापेक्षा जास्त दिसत असतो. साधारण सहा ते बारा तासांच्या आत ही जागा मोकळी करावी असं मानतात. पोट उघडावं लागेलच असं नाही. कितीदा सोनोग्राफीखाली नळी टाकून किंवा मूत्रनलिकेत स्टेंट घालून काम होतं. सही मागितली की ‘मोठ्या भावाला गावाहून येऊ द्या’ म्हणू नका. त्याला फोन लावा, सही करा.

मधुमेही पायाच्या बाबतीत बोट किंवा पाऊल काढायची वेळ येते तेव्हा हे ऐकणं आणखी कठीण जातं. तिथे सर्जनला सरळ विचारा: आज बोटावर भागेल का, आणि दोन दिवस थांबलो तर कुठवर जावं लागेल?

सलाईन इतकी लावली की अंग सुजलं. ही चूक नाही का?

सुरुवातीला सलाईन लागतंच. वजनामागे किलोला ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांत १.८ लिटर, अर्ध्या लिटरच्या साडेतीन-चार बाटल्या. वाहिन्या गळक्या झालेल्या असल्याने त्यातलं बरंच पाणी कातडीखाली उतरतं. ती सूज आजाराचीच आहे आणि बरं होताना लघवीवाटे निघून जाते.

पण ‘जास्त सलाईन म्हणजे जास्त चांगलं’ हेही खरं नाही. २०११ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडातल्या ३,१४१ आजारी मुलांवरच्या अभ्यासात झपाट्याने सलाईन दिलेल्या गटात ४८ तासांत १०.५ टक्के मुलं दगावली, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, हे लक्षात घेतलं तरी तो धडा सगळ्यांना लागला. त्यामुळे आता पहिल्या काही बाटल्यांनंतर प्रत्येक पुढची बाटली विचार करून लावतात. नर्स रुग्णाचं बोट दाबून धरते, सोडते, आणि नखाखालची लाली परत यायला किती सेकंद लागले ते बघते, हे काचेतून दिसलं असेल. त्यात काही जादू नाही. तीन सेकंदांच्या आत रंग आला तर रक्त बोटापर्यंत पोचतंय. २०१९ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या २८ रुग्णालयांनी ही फुकटची तपासणी लॅक्टेटच्या महाग तपासणीशी ताडून पाहिली, आणि ती कुठेही कमी पडली नाही.

बीपीचा ‘सपोर्ट’ चालू आहे म्हणजे?

नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. आयसीयूत सगळे ‘नॉरअ‍ॅड’ म्हणतात. सिरिंज पंपातून थेंबाथेंबाने जातं, सैल पडलेल्या वाहिन्या आवळतं आणि सरासरी दाब ६५ च्या वर ठेवतं. डोस वाढत वाढत गेला तर जोडीला व्हॅसोप्रेसिन हे तसंच दुसरं औषध, मग हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड. रोज एकच विचारा: काल किती होतं, आज किती आहे? उतरत असेल तर दिशा बरोबर. दोन किंवा तीन सपोर्ट पूर्ण जोरात चालू असतील तर परिस्थिती फार नाजूक आहे असं समजा.

बोटं काळी पडली तर ‘औषधाने झालं’ असं म्हणतात. औषधाचा वाटा असतो, पण खुद्द शॉकचा आणि बारीक वाहिन्यांत गोठलेल्या रक्ताचा असतोच. ते औषध बंद केलं असतं तर बोटं सोडा, माणूसच उरला नसता.

काउंट २२ हजारांवरून १४ वर आला. सुधारतंय ना?

पांढऱ्या पेशींच्या काउंटवर लोकांचा फार जीव. मी तरी त्यावरून दिवस ठरवत नाही. काउंट स्टिरॉइडने वाढतो, अस्थिमज्जा थकली की कमी होतो, आणि तो कमी होणं ही वाईट बातमीही असू शकते. त्यापेक्षा पलंगाला खाली टांगलेली लघवीची पिशवी बघा. ६० किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिली, दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास लघवी व्हायला हवी. मग ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे, नॉरअ‍ॅड किती, हाक मारली तर डोळे उघडतो का. या चार गोष्टींचं उत्तर मिळालं की तुम्हाला रिपोर्टांची फाइल चाळायची गरज नाही.

शुगर १८० च्या जवळ आहे आणि डॉक्टर निवांत कसे?

मुद्दामच. आयसीयूत शुगर फार खाली ओढली तर मृत्यू वाढतात, हे २००९ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. १८० च्या आत असली की पुरे.

प्लेटलेट ४० हजार. चढवत का नाहीत?

रक्तस्राव नसेल आणि कुठली शस्त्रक्रिया करायची नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा चढवत नाहीत. डेंग्यूच्या साथीत प्लेटलेटसाठी ब्लड बँकेच्या वाऱ्या करायची सवय आपल्याला लागली आहे, ती इथे उपयोगाची नाही.

वाचण्याची शक्यता किती टक्के?

डॉक्टर आकडा सांगायला टाळतात, कारण सांगितलेला आकडा नातेवाईक वचन म्हणून घेतात. तरी आकडे आहेत, आणि ते तुम्हाला माहीत असलेले बरे.

जगभराचा अंदाज २०१७ सालचा आहे: वर्षात ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस, त्यात १.१ कोटी मृत्यू. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंत एक सेप्सिसशी निगडित. यातले बहुतांश रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. आपल्याकडे २०१० आणि २०११ मध्ये देशभरातल्या १२४ आयसीयूंत चार ठरावीक दिवशी ४,२०९ रुग्णांची मोजदाद झाली. त्यात चारांत एकाहून थोड्या जास्त रुग्णांना गंभीर सेप्सिस किंवा सेप्टिक शॉक होता.

आता एका रुग्णाचं. अवयव किती बिघडलेत हे मोजायला सोफा नावाचा गुणांक वापरतात. श्वसन, रक्त गोठणं, यकृत, बीपी, भान आणि मूत्रपिंड अशा सहा गोष्टींना शून्य ते चार गुण. संसर्गामुळे हा गुणांक दोनाने वाढला तर रुग्णालयात मृत्यूचं प्रमाण साधारण १० टक्के. सेप्टिक शॉक, म्हणजे पुरेसं सलाईन देऊनही दाब टिकवायला सपोर्ट लागतोय आणि लॅक्टेट दोनच्या वर आहे, अशा रुग्णांत ४० टक्क्यांहून जास्त. हे आकडे मुख्यतः श्रीमंत देशांच्या नोंदींवरचे आहेत.

पहिल्या दिवशीच्या गुणांपेक्षा पहिल्या ४८ तासांतली त्यांची दिशा जास्त बोलते. २००१ च्या एका बेल्जियन अभ्यासात ज्यांचा गुणांक या काळात चढत गेला त्यांतले निम्मे किंवा जास्त दगावले, मग सुरुवात कुठूनही झालेली असो. म्हणून डॉक्टर ‘दोन दिवस बघू या’ म्हणतात तेव्हा ते तुम्हाला टाळत नसतात.

परदेशात तर आता फार लोक वाचतात म्हणे. त्यांच्याकडे कुठलं औषध आहे?

वेगळं औषध नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या आयसीयूंत गंभीर सेप्सिसचा मृत्युदर २००० मध्ये ३५ टक्के होता, २०१२ मध्ये १८.४ वर आला. या बारा वर्षांत सेप्सिससाठी टिकून राहिलेलं एकही नवं औषध बाजारात आलं नाही. उलट गंमत बघा. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एका रुग्णालयातून निकाल आला की पहिल्या सहा तासांत मानेच्या शिरेत खास नळी घालून, ठरलेले आकडे गाठत उपचार केले तर मृत्यू ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर येतात. जगाने ते उचललं. मग २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंडमध्ये तेच तीनदा तपासलं, आणि तीनही वेळा त्या नळीचा काही फायदा दिसला नाही. कारण मधल्या काळात नेहमीचे उपचारच सुधारले होते. लवकर ओळखणं, लवकर औषध, लवकर सलाईन, आणि एका रुग्णाला एक नर्स.

आपल्याकडे शेवटच्या दोन शब्दांतच घोडं अडतं. नवं मशीन आलं की फीत कापली जाते. रात्रपाळीला आणखी दोन नर्स आल्या तर बातमी होत नाही.

रक्त शुद्ध करणारा फिल्टर सुचवलाय. लाखाच्या घरात आहे. घ्यावा का?

विचारून घ्या, दबून घेऊ नका. पॉलिमिक्सिन बी फिल्टरची अमेरिका-कॅनडात मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तो वापरू नये असं सुचवतात, आणि बाकीच्या फिल्टरांबद्दल बाजूने बोलण्याइतका पुरावा नाही असं म्हणतात. शिरेतून द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनचंही (तयार प्रतिपिंडांचं) तेच. व्हिटॅमिन सी काही वर्षं गाजलं. २०२२ च्या चाचणीत त्याने नुकसानच केलं.

डॉक्टरांना विचारायला हरकत नाही: ‘हे नाही घेतलं तर बाकी उपचारांत काही कमी पडेल का?’ दागिने मोडायचे असतील तर पुढच्या पंधरा दिवसांच्या खाटभाड्यासाठी आणि नंतरच्या फिजिओथेरपीसाठी ठेवा. हे माझं मत, पण ते बरंच पक्कं आहे.

अँटिबायोटिक दर दोन दिवसांनी बदलतात. अंदाजाने चाललंय का?

पहिले दोन दिवस हो, अंदाजानेच, पण अनुभवी अंदाजाने. कल्चरमध्ये जंतू वाढून त्याचं नाव आणि त्यावर काय चालतं हे कळायला ४८ ते ७२ तास लागतात. तोवर व्यापक मारा करणारं औषध देतात, नंतर शक्य असेल तर साधं करतात. भारी औषध काढून साधं सुरू केलं की नातेवाईक घाबरतात. खरं तर तो दिवस चांगला असतो.

आपली अडचण वेगळी आहे. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर असे जंतू आपल्या आयसीयूंत मेरोपेनेमलाही दाद देत नाहीत, आणि मग कोलिस्टिनसारखी किडनीवर ताण देणारी औषधं काढावी लागतात. मेडिकलवाल्याकडून विचारून घेतलेल्या अर्धवट कोर्सचा यात वाटा आहे, रुग्णालयांतल्या न धुतलेल्या हातांचाही आहे. आधीच्या महिन्याभरात रुग्णाने कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं, हे रिकाम्या पाकिटासकट आणून दाखवा.

म्हणजे इन्फेक्शन आयसीयूतच लागलं असेल?

दाखल होतानाचं नाही, पण दुसऱ्या आठवड्यातलं असू शकतं. गळ्यातली नळी, लघवीची नळी, व्हेंटिलेटर, प्रत्येकाची एक वाट. ‘आज कुठली नळी काढता येईल?’ हा फार चांगला प्रश्न आहे, विचारा. आणि आत जाताना हात चोळायचं औषध लावा, अंगारा-तीर्थ बाहेर ठेवा, देवाचा फोटो उशाशी लावायला कुणाची ना नसते.

व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस परत येत नाही ना?

येतात. व्हेंटिलेटर आजार नाही, वेळ विकत घेणं आहे. तो कसा चालवला यालाही महत्त्व आहे: २००० साली अमेरिकेतल्या चाचणीत फुप्फुसात कमी हवा भरत श्वास दिला तेव्हा मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले.

डायलिसिस कायमचं लागेल?

आधी किडन्या चांगल्या असतील तर बहुतेकांचं सुटतं, कधी काही आठवड्यांनी. आधीच खराब असतील तर सांगता येत नाही.

आई आम्हाला ओळखत नाही, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणते. डोकं कामातून गेलं का?

हा आयसीयूतला भ्रम, डिलिरियम. अतिशय सामान्य, आणि बहुतेकांत उतरतो. तुमची खरी मदत इथे होते. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आणून द्या. आज कुठला वार, बाहेर पाऊस आहे, कोण आलंय, हे हळू आवाजात सांगा. तिच्याशी वाद घालू नका, मुंग्या नाहीत हे सिद्ध करत बसू नका.

बाळांनाही होतो का?

नवजात बाळांना फार पटकन, आणि खुणा साध्या असतात: दूध ओढत नाही, रडणं मंदावलं, अंग गार किंवा गरम, छाती आत ओढली जाते. या बाबतीत महाराष्ट्राने जगाला शिकवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच आरोग्यदूत बायकांना बाळाचा सेप्सिस ओळखायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आयसीयू तिथे जवळपास नव्हतंच.

पुण्या-मुंबईला हलवावं का?

इथे नाही अशी नेमकी कुठली गोष्ट तिथे मिळणार, हे आधी ठरवा: डायलिसिस, सर्जन, सीटी स्कॅन, व्हेंटिलेटर. त्यातलं काही लागणार असेल तर लवकर हलवा, बीपी टिकतंय तोवर. नुसतं ‘मोठं हॉस्पिटल’ म्हणून, दोन सपोर्टवरच्या माणसाला पाच तासांच्या रस्त्यावर काढणं मला पटत नाही. हलवायचंच असेल तर अँटिबायोटिकचा डोस देऊन, पलीकडे खाट पक्की करून, डॉक्टरांचं डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर.

खर्चाचं काय?

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी करा. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का ते आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर विचारा. संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या यादीतूनच मिळतं आणि मंजुरी आधी लागते. दुसरं, रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्याला बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिसरं, रोजचं बिल रोज मागा.

आता पुढे जायचं की थांबायचं?

तीन-चार अवयव बंद, सपोर्ट वाढतोय, आठवडा उलटला. हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाच्या मनात असतो आणि मोठ्याने कुणीच विचारत नाही. विचारा. ‘हे तुमचे वडील असते तर?’ असंही विचारा. बहुतेक डॉक्टर खरं उत्तर देतात.

कायद्याने आता वाट दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरण्याचा हक्क आणि इच्छापत्र (पुढे बोलता येणार नाही तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्य केलं. ती पद्धत फार किचकट होती म्हणून जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. उपचार थांबवण्याआधी रुग्णालयाची तीन डॉक्टरांची समिती आणि मग दुसरी समिती मत देते. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांनुसार रुग्ण किंवा नातेवाईक नको म्हणत असतील तर त्याला आयसीयूत दाखल करू नये.

याऐवजी आपल्याकडे ‘डामा’ घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. पैसे संपले, आशा संपली, आणि रात्री कागदावर सही करून, तोंडातली नळी काढून माणूस अ‍ॅम्ब्युलन्समधून गावाकडे नेतात. वाटेत त्याला धाप लागते, ती बघण्याची पाळी लेकीसुनांवर येते. थांबायचंच ठरलं असेल तर दुखणं आणि धाप कमी करणारी औषधं चालू ठेवून थांबता येतं. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि ती मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरी आलो. आता झालं ना बरं?

इथे लोक फसतात. घरी परतलेल्यांपैकी साधारण निम्मे पूर्ववत होतात, तिसरा हिस्सा पुढच्या वर्षभरात दगावतो, आणि सहावा हिस्सा कायमच्या मोठ्या अपंगत्वासह जगतो, असं २०१८ च्या एका आढाव्यात मांडलंय. अमेरिकेत चाळीस टक्क्यांहून जास्त वयस्क रुग्ण तीन महिन्यांत पुन्हा दाखल होतात, अनेकदा नव्या संसर्गानेच.

आयसीयूत दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा सुमारे १८ टक्के भाग झिजतो, असं लंडनमध्ये सोनोग्राफीने मोजलंय. म्हणून खुर्चीतून उठताना हात लागतो, जिना चढवत नाही. अंडी, डाळ, दूध, पनीर वाढवा, किडनीचं पथ्य असेल तर आधी विचारून. ‘पचायला हलकं’ म्हणून महिनाभर पेज आणि मऊ भातावर ठेवू नका. केस गळतात, झोप मोडते, हिशेब चुकतात, मध्येच रडू येतं. बँकेचे व्यवहार काही महिने कुणीतरी सोबत बसून करावेत. कामावर परत जाताना आधी अर्धा दिवस मागा.

फ्लू आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय कुणीतरी दिव्याखाली बघावेत, आणि शेतात अनवाणी जाणं बंद.

डिस्चार्ज कार्डवर काय लिहून घ्यायचं?

‘सेप्सिस’ हा शब्द स्पष्ट असायला हवा. नुसतं ‘ताप’ किंवा ‘न्यूमोनिया’ नको. सापडलेल्या जंतूचं नाव, कुठल्या औषधाला तो जुमानला आणि कुठल्याला नाही, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा), बंद केलेल्या जुन्या गोळ्या (बीपीच्या गोळ्या परत कधी सुरू करायच्या हे हमखास राहतं), आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आली असेल तर ती. कल्चर रिपोर्टचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी थंडी वाजून ताप आला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला आधी तो फोटो दाखवा आणि सांगा की यांना आधी सेप्सिस होऊन गेलाय.